पुस्तकात आमचं घर कुठे आहे? – लहान मुलांसाठी चित्रपुस्तकं निवडताना



जून महिना आला की आपण वर्गातला वाचन कोपरा नव्याने मांडतो. फाटलेली पुस्तकं चिकटवतो, भिंतीला दोरी बांधतो, त्यावर पुस्तकं अडकवतो. नवी पुस्तकं घ्यायची असतील तर आपण साधारणपणे काय बघतो? चित्रं रंगीत आहेत ना, अक्षर मोठं आहे ना, जोडाक्षरं कमी आहेत ना, गोष्टीला काही बोध आहे ना आणि किंमत परवडते ना. हे सगळं बघायलाच हवं. पण बालवाडी ते दुसरीच्या मुलांसाठी पुस्तक निवडताना आणखी एक प्रश्न विचारायला हवा, असं मला वाटतं. या पुस्तकांत माझ्या वर्गातली मुलं आहेत का? आणि असतील, तर ती तिथे काय करताना दिसतात?

आजचा लेख याच दोन प्रश्नांवर आहे. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा का, ते पुढे बघूच.

आपला पट आणि आपली दोरी

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेचा पट डोळ्यांसमोर आणा. एकाचे आईवडील दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात. एकीला आजी सांभाळते, कारण आईवडील कामासाठी शहरात आहेत. एकाच्या कानाला श्रवणयंत्र आहे. एक मुलगी घरी अहिराणी बोलते, दुसरी गोरमाटी, तिसरा हिंदी, कारण त्याचे वडील वीटभट्टीवर कामाला बिहारहून आलेत. कुणाच्या घरी रमजानचे रोजे असतात, कुणाच्या घरी चौदा एप्रिलला दिवाळीसारखी रोषणाई असते. कुणाच्या डब्यात बोंबलाची चटणी असते, कुणाच्या डब्यात थालीपीठ.

आता दोरीवरची पुस्तकं बघा. बऱ्याच पुस्तकांतलं घर म्हणजे लाल कौलांचं, खिडक्यांना पडदे असलेलं, पुढे फुलझाडं असलेलं टुमदार घर. बाबा पेपर वाचतात, आई ओट्याशी उभी असते. आजीच्या हातात लाडवाचा डबा असतो. मूल गोरंपान, गुबगुबीत. सुट्टीत ते मामाच्या गावाला नाहीतर सहलीला जातं.

असं घर आणि असं मूल पुस्तकात असण्यात काहीच वाईट नाही. अशी घरं आहेत, तशी मुलंही आपल्या वर्गात आहेत. पण तीसपैकी अठ्ठावीस पुस्तकांत हेच घर असेल, तर कोपीत राहून आलेल्या मुलाला काय कळतं? पुस्तकात येण्याजोगी घरं वेगळी असतात आणि आपलं घर त्यातलं नाही, असं त्याला कळतं. आपण त्याला हे तोंडाने कधीच सांगत नाही. आपली दोरी सांगते.

हा नुसता भावनेचा प्रश्न नाही

काही जण म्हणतील, लहान मुलं एवढा विचार करत नाहीत, त्यांना गोष्ट आवडली की झालं. पण यात वाचायला शिकण्याचाही प्रश्न आहे. पहिली-दुसरीतलं मूल अक्षर जुळवताना चित्राचा आणि ओळखीच्या शब्दांचा आधार घेतं. शब्द अर्धा वाचून झाला की पुढचा त्याला सुचतो, कारण ती गोष्ट त्याने पाहिलेली असते.

१९८८ मध्ये अमेरिकेत डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली या दोघींनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांवर एक प्रयोग केला होता. मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला आणि त्यांना किती समजलं ते तपासलं. वाचनात कच्ची, पण बेसबॉलची माहिती असलेली मुलं ही वाचनात हुशार पण बेसबॉलची माहिती नसलेल्या मुलांपेक्षा पुढे गेली. म्हणजे विषय ओळखीचा असेल तर ‘कच्चं’ मूलही चांगलं वाचतं.

आता ऊसतोडीहून मार्च-एप्रिलमध्ये परत येणाऱ्या मुलाचा विचार करा. चार-पाच महिने शाळा सुटलेली. आल्याबरोबर त्याच्या हातात आपण कुठलं पुस्तक देतो? स्विमिंग पूल आणि बर्थडे केकचं. त्याला मोळी, वाढे, कोयता, टायरगाडी, कोपी, मुकादम हे शब्द पाठ आहेत. पहाटेच्या थंडीत फड कसा दिसतो हे त्याच्याइतकं वर्गात कुणालाच माहीत नाही. यातलं काहीच पुस्तकात नसतं, म्हणून तो अडखळतो आणि आपण नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘वाचन कच्चे’ असं लिहितो. हंगाम संपून आलेली मुलं शाळेत टिकतात की हळूहळू गळतात, याची बरीच कारणं आपल्या हातात नसतात. हातात दिलेलं पुस्तक मात्र आपल्या हातात असतं.

आरसा, खिडकी आणि दार

पुस्तकांच्या निवडीबद्दल बोलताना एक कल्पना फार उपयोगी पडते. अमेरिकेतल्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये ती मांडली. पुस्तक मुलासाठी कधी आरसा असतं, कधी खिडकी असते, तर कधी सरकतं काचेचं दार असतं. आरशात मूल स्वतःला बघतं. खिडकीतून दुसऱ्याचं जग बघतं. दारातून कल्पनेने त्या जगात जाऊन येतं.

यातली मेख अशी आहे की काही मुलांना आयुष्यभर आरसेच मिळतात आणि काहींना नुसत्या खिडक्या. ज्याला फक्त खिडक्या मिळतात त्याला वाटतं, आपलं जग बघण्यासारखं नाही. ज्याला फक्त आरसे मिळतात त्याला वाटतं, जग म्हणजे आपणच. म्हणजे टुमदार घरातल्या मुलाचंही नुकसान होतंच. उद्या तो शेजारी बसलेल्या मुलाच्या डब्याला नाक मुरडेल, तेव्हा त्याला नुसतं दटावून भागणार नाही. तो डबा त्याने आधी एखाद्या गोष्टीत पाहिलेला असायला हवा.

अमेरिकेत हा विचार अचानक आला नाही. १९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी एक लेख लिहिला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेली पाच हजारांहून जास्त बालपुस्तकं त्यांनी तपासली. त्यांपैकी फक्त ६.७ टक्के पुस्तकांत एखादं तरी कृष्णवर्णीय पात्र होतं. लेखाच्या सुरुवातीला त्यांनी पाच वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीचा प्रश्न दिला होता. पुस्तकातली मुलं नेहमी गोरीच का असतात, असं त्या मुलीने विचारलं होतं.

आपल्याकडे असा प्रश्न मूल मोठ्याने विचारेलच असं नाही. ते पुस्तक परत दोरीवर अडकवतं आणि खेळायला जातं.

नुसतं दिसणं पुरेसं आहे का? क्रियापदांची कसोटी

हल्लीच्या बऱ्याच पुस्तकांच्या मुखपृष्ठावर सगळ्या प्रकारची मुलं एका ओळीत हसत उभी दिसतात. एक चाकाच्या खुर्चीत, एक टोपी घातलेला, एक डोक्याला पीस लावलेली. ते बघून आपण ‘हे पुस्तक सर्वसमावेशक’ असं ठरवतो. इथे जरा थांबायला हवं.

मी एक साधी कसोटी वापरते. पुस्तकातल्या प्रत्येक पात्रासमोर त्याची क्रियापदं लिहायची. शब्दांतली आणि चित्रांतलीही. नमुना म्हणून ‘रविवारची सहल’ असं एक काल्पनिक पुस्तक घेऊ:

बाबा – गाडी चालवतात, नकाशा बघतात, तंबू ठोकतात.
आई – डबा भरते, वाढते, काळजी करते.
दादा – झाडावर चढतो, हरवतो, वाट शोधतो, साप बघतो.
ताई – फुलं वेचते, घाबरते, रडते.
चाकाच्या खुर्चीतला मित्र – बघतो, हसतो, टाळ्या वाजवतो.
आदिवासी पाड्यावरची माणसं – नाचतात, हात हलवतात.

बघा, या पुस्तकात सगळे जण आहेत. पण सहल झाली ती दादाची. बाकीचे त्याच्या सहलीला आलेत. चाकाच्या खुर्चीतला मित्र गोष्टीतून काढून टाकला तरी गोष्टीला काही फरक पडत नाही. पाड्यावरच्या माणसांना तर नावंही नाहीत.

ही कसोटी लावायला एका पुस्तकाला पाच मिनिटं पुरतात. तिसरी-चौथीच्या मुलांकडूनही करून घेता येते. क्रियापद ओळखण्याचा सराव होतो तो वेगळाच.

प्रश्नाची पुस्तकं आणि मजेची पुस्तकं

आता या लेखातला मुख्य मुद्दा. वंचित किंवा वेगळ्या मुलांवरची पुस्तकं बघितली की त्यातली बहुतेक ‘प्रश्नाची’ असतात असं लक्षात येतं. मूल अपंग आहे, मग त्याला कुणी खेळायला घेत नाही, मग काहीतरी घडतं आणि सगळे त्याला आपलंसं करतात. मूल गरीब आहे, मग ते शिकतं आणि मोठं होतं. अशी पुस्तकं लागतात. पण फक्त तीच असतील तर मुलाला असं वाटू लागतं की ‘माझं असणं हाच एक प्रश्न आहे’.

दोन पुस्तकांची तुलना करून बघू.

पहिलं पुस्तक झाई व्हिटेकर यांचं ‘काली अँड द रॅट स्नेक’. चेन्नईच्या तुलिका प्रकाशनाचं. काली हा तामिळनाडूतल्या इरुला जमातीचा मुलगा. त्याचे वडील साप पकडतात. शाळेत मुलं त्याच्यापासून लांब राहतात, तो डब्यात तळलेली वाळवी आणतो याचं त्यांना विचित्र वाटतं. एक दिवस वर्गात धामण शिरते. सगळ्यांची पळापळ होते आणि काली तिला शांतपणे पकडतो. पुस्तक चांगलंच आहे. कारण कालीचं कौशल्य त्याच्या घरातून आलेलं आहे आणि पुस्तक त्याला ज्ञान म्हणून मान देतं. प्रत्यक्षातही इरुला लोकांचं हे ज्ञान मोठं आहे. सर्पदंशावरच्या लसीसाठी लागणारं विष काढण्याचं काम त्यांची सहकारी संस्था १९७८ पासून करते आहे. २०२३ मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सदाइयन या दोन इरुला सर्पमित्रांना पद्मश्री मिळाली. मुलांना हे जरूर सांगा.

तरीही एक प्रश्न मनात ठेवा. वर्गात साप आला नसता तर काली कुणाचा मित्र झाला असता का? स्वीकार मिळवायला पराक्रम करावा लागला, असंही मूल त्यातून वाचू शकतं. दहा पुस्तकांत असंच असेल, तर साप पकडता न येणाऱ्या, पाढे न येणाऱ्या, नुसत्या साध्या मुलाने काय करायचं?

दुसरं पुस्तक अमेरिकेतल्या एझ्रा जॅक कीट्स यांचं ‘द स्नोई डे’. १९६२ चं. पीटर नावाचा छोटा कृष्णवर्णीय मुलगा सकाळी उठतो, बाहेर बर्फ पडलेलं असतं. तो लाल कोट घालून बाहेर जातो, बर्फात पावलं उमटवतो, काठीने झाडावरचं बर्फ पाडतो, एक गोळा खिशात घालून घरी आणतो आणि तो वितळून जातो. बस्स, एवढीच गोष्ट. पीटरला कुणी चिडवत नाही, त्याला काही सिद्ध करावं लागत नाही. त्याच्या रंगाबद्दल पुस्तकात एक शब्दही नाही. या पुस्तकाला १९६३ चं कॅल्डेकॉट पदक मिळालं. चित्रपुस्तकांसाठीचा तो तिथला मोठा सन्मान.

असं मजेचं पुस्तक आपल्या किती मुलांच्या वाट्याला येतं? टायरगाडीच्या मागे लोंबकळून झोके घेणारा मुलगा, वीटभट्टीवरच्या ओल्या मातीचे बैल करणारी मुलगी, ईद नसतानाच्या एखाद्या साध्या दिवशी मांजराच्या मागे धावणारी आयेशा, कुबडीने चेंडू टोलवून खिडकीची काच फोडणारा खोडकर मुलगा. या मुलांच्या आयुष्यात अडचणी आहेत, तशी भरपूर मजाही आहे. ती पुस्तकात आली पाहिजे. म्हणून पुस्तकं निवडताना प्रश्नाच्या एका पुस्तकाबरोबर मजेची निदान दोन तरी शोधा.

पुस्तक हातात घेतल्यावर काय बघायचं?

१. नाव कुणाला आहे? मुख्य मुलाला नाव आणि बाकीचे ‘कामवाली’, ‘भाजीवाला’, ‘गरीब मुलगा’ असं आहे का?

२. कोण कुणाला मदत करतं? नेहमी एकाच बाजूने मदत वाहते का? वेगळं मूलही कुणाला काही देतं, शिकवतं, वाचवतं का?

३. सणापुरती हजेरी आहे का? मुस्लीम कुटुंब फक्त ईदला, आदिवासी फक्त तारपा नृत्यात, ख्रिस्ती फक्त नाताळात. बाकीचे तीनशेचौसष्ट दिवस ही माणसं काय करतात?

४. रंग आणि रूप. चांगली मुलगी ‘गोरीगोमटी’ आणि राक्षस ‘काळाकुट्ट’; दुष्ट म्हातारी कुबड असलेली, चोर एका डोळ्याचा. सारखं असंच असेल तर मूल काळं म्हणजे वाईट आणि व्यंग म्हणजे दुष्ट असं शिकतं.

५. शब्द. ‘आंधळा’, ‘लंगडा’, ‘मुकी’ हे शब्द माणसाचं नाव म्हणून वापरलेत का? ‘बिचारा’ किती वेळा आलाय?

६. चित्रांचा तपशील. आदिवासी म्हटलं की पिसं आणि भाला काढलाय का? चित्रकाराने ती वस्ती पाहिलेली दिसते का? चूल, मांडव, कपडे, झाडं त्या भागातली वाटतात का?

७. घर आणि माणसं. आईबाबा आणि दोन मुलं याशिवाय दुसरं कुटुंब आहे का? आजीकडे राहणारं मूल, एकटी आई, काका-काकूंसह मोठं घर?

८. लिहिणारा कोण? त्या समाजातल्या, त्या अनुभवातल्या माणसाने लिहिलेलं किंवा चित्रं काढलेलं पुस्तक मिळालं तर फार उत्तम. तारा बुक्सचं ‘डू!’ हे पुस्तक वारली चित्रकारांनी वारली शैलीत काढलंय. त्यात क्रियापदंच आहेत, त्यामुळे वरच्या कसोटीसाठीही ते छान आहे.

सगळ्या कसोट्यांना उतरणारं पुस्तक क्वचितच सापडेल. तसा आग्रहही नको. एकेक पुस्तक पास-नापास करण्यापेक्षा पूर्ण दोरी तपासा. एका शनिवारी तीस पुस्तकं टेबलावर मांडा आणि कागदावर चार रकाने आखा: मुख्य पात्र कोण, घर कसलं, प्रश्नाचं की मजेचं, मुलगी काय करते. तासाभरात तुमच्या वर्गाला कुठली पुस्तकं कमी पडताहेत ते कळेल. पुढच्या खरेदीची यादी तिथेच तयार होते.

मिळवायची कुठून?

पैशांचा प्रश्न खरा आहे. समग्र शिक्षेत प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला पाच हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. ते येईल तेव्हा वरचा कागद शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवा, म्हणजे संच येईल तसा उचलला जाणार नाही.

फुकट पर्यायांत पहिला म्हणजे प्रथम बुक्सचं ‘स्टोरीविव्हर’. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावर मराठीसह कोकणी, संथाली आणि इतर कितीतरी भाषांतली चित्रपुस्तकं मोफत वाचता येतात, उतरवून घेता येतात, छापताही येतात. शिवाय आपण स्वतः भाषांतर करू शकतो. अहिराणीत किंवा गोरमाटीत एखादी गोष्ट करून बघा, मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालेतली पुस्तकं स्वस्त असतात आणि मराठीतही मिळतात. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं बघा. ‘राधाचं घर’ या संचात घरातल्या एकेका माणसावर एकेक पुस्तक आहे. ते वाचून झाल्यावर मुलं ‘आमच्या घरात कोण कोण’ हे आपोआप सांगू लागतात. तुलिकाची इंग्रजी-मराठी द्विभाषिक पुस्तकं आहेत. भोपाळच्या एकलव्य संस्थेची हिंदी पुस्तकं चित्रं दाखवत मराठीत सांगता येतात. एनसीईआरटीची ‘बरखा’ ही पहिली-दुसरीसाठीची चाळीस हिंदी गोष्टींची माला आहे. तिची सर्व मुलांसाठीची वेगळी आवृत्तीही निघाली आहे. तिच्यात ब्रेल लिपी आणि बोटांनी चाचपता येतील अशी उठावाची चित्रं आहेत, म्हणजे दिसणारं आणि न दिसणारं मूल एकच पुस्तक एकत्र वाचू शकतात.

वाचून दाखवताना

चांगलं पुस्तक आणलं तरी ते वर्गात कसं उघडतो यावर खूप काही अवलंबून असतं.

पहिली गोष्ट, बोट दाखवू नका. ‘बघ रे, हे तुझ्यासारखंच आहे’ असं श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर म्हटलं की आरशाचा तमाशा होतो. पुस्तक सगळ्यांसाठी वाचा. ज्याचं आहे त्याला ते कळतं. संध्याकाळी दप्तर भरताना तो ते परत मागतो, तेव्हा समजा की पोहोचलं.

दुसरी, मुलं हसली किंवा काही बोलली तर गप्प करू नका. चार-सहा वर्षांची मुलं दिसेल ते बोलतात. एखाद्याने म्हटलं, ‘बाई, ही किती काळी आहे!’ तर शांतपणे म्हणा, ‘हो, तिचा रंग काळा आहे. आणि केस कसे आहेत? ती कुठे चाललीय?’ रंगाचं नाव साधेपणाने घेतलं की त्यातलं हसू निघून जातं. आपण दचकलो, तर काहीतरी वाईट बोललं गेलं असं मुलांना वाटतं आणि काळा रंगच वाईट ठरतो.

तिसरी, जुनी पुस्तकं फेकू नका. ‘रविवारची सहल’ही वाचा आणि थांबून विचारा, ‘ताई झाडावर चढली असती तर तिला वरून काय दिसलं असतं?’, ‘खुर्चीतल्या मित्राला वाट शोधायला सांगितली तर तो कशी शोधेल?’ मुलं भन्नाट उत्तरं देतात. आणि पुस्तकालाही प्रश्न विचारता येतात, हे ती लहानपणीच शिकतात.

चौथी, बोध मागू नका. पुस्तक संपलं की लगेच ‘यातून काय शिकलो?’ असं विचारलं की मुलं ‘सगळ्यांशी प्रेमाने वागावे’ असं पाठ केलेलं उत्तर देतात. त्याऐवजी ‘तुला कुठलं पान परत बघायचंय?’ असं विचारा. मूल कुठलं पान दाखवतं यावरून त्याच्या मनातलं जास्त कळतं.

पालकांनो, हे तुमच्यासाठी

पालकसभेत दोन शंका हमखास येतात. एक, ‘आमच्या मुलाला यातलं काहीच नाही, मग त्याला असली पुस्तकं कशाला?’ त्याचं उत्तर वर खिडकीच्या मुद्द्यात आलंय. तुमचं मूल पुढे ज्या माणसांबरोबर शिकणार, राहणार, काम करणार आहे, त्यांची ओळख त्याला आईच्या किंवा बाबांच्या मांडीवर बसून झाली तर त्याहून चांगलं काय?

दुसरी शंका, ‘मला वाचता येत नाही, मी काय वाचून दाखवू?’ तुम्हीच सगळ्यात चांगलं दाखवू शकता. शाळेतून बिनशब्दांचं चित्रपुस्तक मागून घ्या. एकेक पान उलटा आणि ‘हा काय करतोय? असं आपल्या शेतात कधी झालं होतं?’ असं मुलाशी तुमच्या घरच्या भाषेत बोला. भाषा शुद्ध-अशुद्ध याची चिंता करू नका. आजोबांनी सांगितलेली फडातल्या कोल्ह्याची गोष्ट कुठल्याही छापील पुस्तकाइतकीच मोलाची आहे.

जे मिळत नाही ते करूया

काही मुलांचा आरसा बाजारात मिळतच नाही. कोपीवरच्या मुलाचं मजेचं पुस्तक शोधत बसण्यापेक्षा ते वर्गात तयार करणं सोपं आहे. ठाणे-पालघर भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांची शाळा त्यांच्या अंगणात, झाडाखाली नेली आणि आजूबाजूच्या वस्तूंतूनच शिक्षणाची साधनं केली. आपल्यालाही तोच रस्ता मोकळा आहे.

जुन्या कॅलेंडरची चार पानं कोऱ्या बाजूने वापरा. मधोमध दुमडा, दोऱ्याने शिवा. आठ पानांचं पुस्तक झालं. मुलाला चित्रं काढू द्या आणि प्रत्येक चित्राखाली तो सांगेल ते वाक्य, त्याच्याच बोलीत, तुम्ही लिहा. विषय साधे ठेवा: ‘माझा डबा’, ‘आमच्या घरी कोण काय करतं’, ‘मी पडलो तेव्हा’, ‘आमची टायरगाडी’. वाक्य प्रमाण मराठीत आणायची घाई नको, ते नंतर कधीही करता येतं. शेवटच्या पानावर लेखक म्हणून मुलाचं नाव, गाव आणि इयत्ता लिहा. आणि हे पुस्तक विकतच्या पुस्तकांच्या शेजारी, त्याच दोरीवर अडकवा.

हंगामाला निघालेल्या मुलाबरोबर असं एक पुस्तक आणि काही कोरे कागद दप्तरात द्या. परत येईल तेव्हा त्याच्याजवळ वर्गात कुणाकडेच नसलेली गोष्ट असेल, आणि ती वाचायला त्याला कुणाची मदत लागणार नाही.

तर मंडळी, या आठवड्यात एवढं एकच करा. दोरीवरची पुस्तकं खाली घ्या, चार रकान्यांचा कागद भरा, आणि आपल्या पटावरचं कुठलं मूल त्यात कुठेच नाही ते शोधा. पहिलं कॅलेंडरचं पुस्तक त्याच्यापासून सुरू करा.